ताशी अडीच किलोमीटर

आमच्या पारनेरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत जे जे चालत नाही, ते ते थंडीमुळे चालत नाही. दुधाची गाडी उशिरा आली, थंडी. विहिरीवरची मोटर उचलेना, थंडी. सोसायटीचं कुलूप अकरापर्यंत निघालं नाही, तरी थंडीच. मोटर न उचलायला शेतीची लाइट जबाबदार असते आणि कुलूप न निघायला सचिव, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पण लाइटीशी भांडता येत नाही, सचिवांशी भांडून परवडत नाही, आणि थंडी उलटून बोलत नाही.

थंडी पडते हे खोटं नाही. आभाळ स्वच्छ असतं, हवा कोरडी असते, दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते, त्यात उत्तरेचा वारा सुटला की नगर जिल्ह्यातला पारा सात-आठ अंशांवर येतो. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, माझ्या तोंडात अजून नगर येतं.) निफाडकर मंडळी पेपरात स्वतःचा आकडा वाचून आमच्याकडे जरा दयेनं बघतात, कारण द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवायची पाळी त्यांच्यावर येते. बर्फ मात्र आमच्याकडे पडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी सकाळी मी बर्फाबद्दल फार बोललो.

माझी सगळी नोकरी पुण्यात एका बँकेत ट्रॅक्टर-कर्जाच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात गेली. त्यामुळे ट्रॅक्टर या विषयात माझा अधिकार मोठा. १९५९ साली फरिदाबादेत आयशरनं देशी ट्रॅक्टर काढला, १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची जोडी जमली, १९७४ साली मोहालीतून स्वराज बाहेर पडला, हे मला झोपेतून उठवून विचारा. नजरगहाण म्हणजे काय, विम्याचा हप्ता कोणी भरायचा, किती एकर बागायतीवर किती हॉर्सपॉवर मंजूर करायची, सगळं पाठ. क्लच कोणत्या पायाखाली असतो, हे मात्र कुठल्याच फायलीत नव्हतं.

निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा वडिलांचा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा होता. त्यांनी तो ऐंशीच्या दशकात भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला होता. मूळ रंग लाल, असं म्हणतात. चुलतभावाचा विचार तो भंगारात घालायचा होता, कारण अलीकडे नांगरट, रोटाव्हेटर सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनंच होतं. पण मी पुण्याहून फोनवर ठणकावून सांगितलं होतं की आबांची आठवण आहे, मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. गावात माझा शब्द कोणी पाळल्याचं आठवत नाही. हा एक पाळला गेला. सबंध पावसाळा ट्रॅक्टरला कोणी हात लावला नाही.

जानेवारीत गावरान कांद्याची लागण काढली. रोप उपटून जुड्या बांधून ठेवलेलं, बायांची टोळी ठरलेली, उजाडता रोटाव्हेटर मारायचा, मग सारे पाडायचे आणि नऊला बाया वाफ्यात उतरणार, असा बेत. रात्री निरोप आला की भाड्याचा ट्रॅक्टरवाला सासुरवाडीला गेला, उद्या दुपारशिवाय येत नाही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बायांना दुपारी बोलवू." यावर गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "घरचा ट्रॅक्टर असताना?"

बायको भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिचं न बोलणं मला स्पष्ट ऐकू येतं.

पहाटे कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, वर आबांची जुनी घोंगडी असा जामानिमा करून मी सीटवर चढलो, देवाचं नाव घेतलं आणि सेल्फ मारला. 'कट्' असा आवाज आला. पुन्हा मारला, पुन्हा 'कट्'. "बॅटरी बसलीया," चुलतभाऊ म्हणाला. बॅटरी बसली, हे खरं म्हणजे पुरेसं निदान होतं. पण सुशिक्षित माणसाला कारणामागचं कारण हवं असतं. मी खाली उतरून जमलेल्या चार माणसांना डिझेल इंजिन समजावून द्यायला घेतलं. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते, डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवाच सोळा-सतरा पट दाबतात, ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा गेला की आपोआप पेट घेतो, म्हणजे एकदा चालू झालं की या इंजिनाला विजेची गरजच नाही. पण थंडीत बीड गारठलेलं, ते हवेची ऊब पिऊन टाकतं. ऑइल घट्ट झालेलं, त्यानं इंजिन जड फिरतं. वर बॅटरीचा जोर कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिझेलमधलं मेण थिजतं. लडाखसाठी इंडियन ऑइलला २०१९ साली वेगळं डिझेल काढावं लागलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं!

"आपल्याकडं किती हाय?" एकानं विचारलं.

मोबाइलवर बघितलं. अधिक ८.

"म्हंजे एक्केचाळीसचा फरक," तो म्हणाला. शाळेत हा माणूस गणितात नापास व्हायचा.

(या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. का, यावर पुष्कळ तर्क आहेत. मला वाटतं, सकाळी लवकर उठून कोणाचं तरी इंजिन चालू करून द्यायचं त्यानं कबूल केलं असणार.)

तोवर घोंगड्या पांघरलेलं अर्धं गाव लिंबाखाली आलं होतं. प्रत्येकाचं निदान वेगळं. फिल्टर चोंदला. नोजल गेली. पंपानं हवा धरली. एका म्हाताऱ्यानं नुसतं टायरला बोट लावून मान हलवली, आणि मला तीच मान सगळ्यात जास्त लागली. एवढ्यात रिसालदारकाका आले. रणगाडा दलातून निवृत्त झालेला माणूस. आता नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल तिथं, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय तिथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तिथं. आमच्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर लोखंडाचे डोंगर कसे हलवायचे याचा अभ्यास चालू असताना आमचं हे प्रकरण लिंबाखाली अडलेलं बघून काकांना मनापासून लाज वाटली.

"झोजीला!" ते गरजले. "अठ्ठेचाळीस साल!"

ही गोष्ट गावाला पाठ आहे, आणि गोष्ट खरी आहे. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजीला खिंडीत, बर्फाळ हवेत, सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे टरेट उतरवून वेगळे नेले होते. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. जनरल थिमय्या स्वतः आघाडीवर होते. काका तेव्हा जन्मले नव्हते, पण त्यांच्या उस्तादांच्या उस्तादांनी ते पाहिलं होतं, आणि सांगताना काकांच्या अंगावर अजून काटा येतो. त्यांनी हाताची घडी घालून ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "इंजिन गरम करा."

इथं माझ्या वाचनानं पुन्हा उचल खाल्ली. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन रणगाडे गारठले, तेव्हा जर्मनांनी इंजिनाखाली जाळ केले होते. हे सांगून मी तुराट्यांचा भारा आणायला निघालो.

"मग जर्मन जिंकले का?" चुलतभावानं विचारलं.

तरी जाळ केलाच. लहानसा. पण ऑइलच्या चेंबरवर चाळीस वर्षांचं झिरपलेलं ऑइल आणि त्यावर चाळीस वर्षांची धूळ असा जो थर होता त्याला तो लहान आहे हे कळलं नाही. धूर असा उठला की पलीकडच्या वस्तीवरून कोणाचं घर पेटलंय अशी चौकशी आली. वाकून फुंकर घालताना माझ्या मफलरचं एक टोक जळालं. जाळ मातीनं विझवला, मफलर काढला आणि स्टिअरिंगखाली एक काळी मूठ बाहेर आलेली होती, तिला अडकवून ठेवला. सोयीची मूठ होती.

जाळानं जमलं नाही म्हणून गरम पाणी. आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे आणि त्या पहाटे तो पेटलेला होता, ही त्या सकाळची एकमेव अनुकूल गोष्ट. मी बादल्या भरभरून नेल्या, पंपाला पोतं गुंडाळलं, त्यावर पाणी सोडलं, रेडिएटरमध्ये ओतलं. शेवटची बादली घेऊन निघालो, तेव्हा बायको टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. तिनं बंबाची तोटी सोडून पाहिली.

"माझ्या अंघोळीला लडाखहून मागवा आता," ती म्हणाली. व्याख्यान घरापर्यंत ऐकू गेलं होतं.

मग हवा काढण्याचा कार्यक्रम झाला. फिल्टरवरचा नट सैल करायचा, खालचा हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं, आधी बुडबुडे येतात, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. सोपं काम. बुडबुडे संपले की नाहीत, हे बघायला नाक किती जवळ न्यायचं, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर मला डोळ्यात मिळालं. दरम्यान शेजाऱ्याची पिकअप आली, तिच्या बॅटरीला वायरी जोडल्या, चुलतभावानं सेल्फ मारला, इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, पांढरा धूर, मग काळा धूर, आणि मग तो आवाज, पूर्वी आबा शेतावरून येताना वेशीपासून ऐकू यायचा तो. नारळ फुटला. रिसालदारकाकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी सीटवर चढलो, क्लच दाबला आणि गिअर टाकला.

करर्र.

दाबून टाकला, तर दात काढल्यासारखा आवाज झाला. सगळा जोर लावून टाकला, तेव्हा ट्रॅक्टरनं पुढे एक उडी घेतली आणि तो बंद पडला. लिंबाखाली शांतता. "थंडी," कोणीतरी हळहळलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

सुप्याच्या मिस्तरीला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावसाळाभर उभा व्हता का? झाकलेला व्हता का?" नव्हता. "मग क्लच प्लेट चिकटली फ्लायव्हीलला. गंज धरला. तुमी पायडल दाबताय, पण प्लेट सुटतच नाय. थंडीचा काय संबंध?" ते ऐकून मला आबांच्या आठवणीचा जरा रागच आला. उपाय त्यानं सांगितला तो असा: बंद ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकायचा, हाय-लोची दांडी लोवर, मोकळ्या रानात तोंड करायचं, क्लच पूर्ण दाबून धरायचा आणि तसाच सेल्फ मारायचा. ट्रॅक्टर चालू होऊन निघेल. क्लच सोडायचा नाही, मधूनमधून ब्रेक मारायचा. झटक्यानं प्लेट सुटते.

"पण चालवणाऱ्याला सराव पायजे," तो म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. सगळे माझ्याकडे बघत होते. चुलतभाऊ पुढे होऊन म्हणालाही, "दादा, मी बसतो." पण नऊ वाजत आले होते, लागणीच्या बाया डोक्यावर डबे घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि अर्धा डझन बायांसमोर धाकट्या भावाला जागा देणं एका पुरुषाला सहसा जमत नाही. मी बसलो. क्लच दाबला. सेल्फ मारला.

ट्रॅक्टर निघाला. क्लच दाबलेला असताना निघाला. म्हणजे मिस्तरीचं निदान अचूक होतं, याचा मला आधी आनंद झाला आणि त्याचा अर्थ नंतर कळला.

वेगाबद्दल गैरसमज नको. पहिला लो म्हणजे ताशी दोन-अडीच किलोमीटर. या वेगानं मोकाट सुटलेलं वाहन मी आधी पाहिलं नव्हतं. पोरं शेजारून चालत होती. मध्येच थांबून, बोरं वेचून, पुन्हा मला गाठत होती. रिसालदारकाका हात पाठीमागे बांधून सोबत होते. ज्याला जो सल्ला द्यायचा तो सावकाश देता येत होता. चालत्या ट्रॅक्टरवर चढायचं नाही, ही शिकवण मात्र आमच्या गावात पक्की आहे आणि ती नेमकी त्याच दिवशी सगळ्यांनी पाळली.

"ब्रेक!" काका म्हणाले. मी ब्रेक मारला. आता ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रानात झटकन वळता यावं म्हणून ही सोय, आणि सरळ थांबायचं असेल तर दोन्ही पायडलं कडीनं जोडून घ्यायची. हे फायलीत नव्हतं. कडी मोकळी होती, माझा पाय उजव्यावर पडला आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी सुरेख उजवीकडे वळला. उजवीकडे बांध, बांधापलीकडे चुलतभावाचा कांदा. आठवड्यापूर्वी लावलेला, नुकती मान धरलेली हिरवीगार रोपं, ओळीनं.

घाबरून मी ब्रेक सोडला. बांध आला, ट्रॅक्टरनं तोंड वर केलं, मला आभाळ दिसलं, मग तोंड खाली केलं, मला कांदा दिसला. मी चावी फिरवली. बंद केली, काढली आणि हरवू नये म्हणून खिशात घातली. इंजिनाला त्याचं काही वाटलं नाही. एकदा चालू झालं की या इंजिनाला विजेची गरजच नाही, हे काही वेळापूर्वी मीच लिंबाखाली सगळ्यांना पटवून दिलं होतं, आणि सगळ्यांना ते पटलं होतं. डिझेलचा पुरवठा तोडल्याशिवाय ते थांबत नाही, आणि तो तोडायला एक मूठ ओढायची असते. स्टिअरिंगखाली. काळी.

तिच्यावर माझा मफलर होता.

"दादा, स्टॉपर वढ! स्टॉपर!" चुलतभाऊ वाफ्याच्या कडेकडेनं पळत ओरडत होता. पळायची गरज नव्हती, पण कांदा त्याचा होता. मी स्टॉपर शोधत होतो. मफलर मध्ये येत होता म्हणून तो मी त्या मुठीभोवती आणखी एक वेढा देऊन नीट बांधला. तुषारचा एक पाइप चाकाखाली कडकन मोडला. बांधावर बायांनी पदर तोंडाला लावले होते. थंडीनं असावं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. घाबरून पुन्हा ब्रेकवर पाय दिला, या वेळी आडवा, तो सुदैवानं दोन्ही पायडलांवर पडला. खालून 'फट्' असा आवाज आला.

ट्रॅक्टर थांबला.

प्लेट सुटली होती! इंजिन चालू, चाकं उभी. बांधावर टाळ्या पडल्या. काकांनी सॅल्यूट ठोकला. मी मान लववली. आणि मग लक्षात आलं की गिअर अजून पडलेला आहे, डावा पाय क्लचवर आहे, आणि हा पाय उचलला की आपण पुन्हा निघणार. गिअर काढावा, तर मघाची ती करर्र आठवली. म्हणून पाय दाबून बसलो. जुन्या ट्रॅक्टरची क्लचची स्प्रिंग काय असते, ते ज्यानं दाबलीय त्यालाच ठाऊक. आधी पोटरी थरथरायला लागली, मग मांडी, मग मी सगळाच. मी हात हलवून बोलावलं. बांधावरच्यांनी हात हलवले. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही दोन्ही हलवले. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. तो फोटो आता भावकीच्या ग्रुपवर आहे, आणि खाली 'अभिनंदन दादा' असे बरेच निरोप आहेत.

शेवटी चुलतभाऊ जवळ आला, वर चढला, मफलरची गाठ सोडली, तो घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि काळी मूठ ओढली.

दुपारी भाड्याचा ट्रॅक्टर आला, त्यानं तासाभरात माझं रान रोटारलं. पण बाया तोवर दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. चुलतभावाच्या वाफ्यात दोन चाकोऱ्यांच्या लांबीत जेवढी रोपं चिरडली तेवढ्या नांग्या भरायच्या होत्या. रोप माझं, रोज माझा, कांदा त्याचा. नेप्तीच्या बाजारात या मालाला एप्रिलमध्ये काय भाव निघेल, याचा हिशेब तो मुद्दाम मोठ्यानं करत होता. मिस्तरीचा पुन्हा फोन आला. सुटली का प्लेट, छान, आता रोज थोडा वेळ चालवत जा, नाहीतर परत धरेल. हेही स्पीकरवर झालं.

संध्याकाळी पैसे चुकते करत होतो. टोळीच्या मुकादम मावशींनी नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या, जायला वळल्या आणि परत फिरल्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "उद्याच्याला बी चालवणार का? नाय, म्हंजे आमाला दुसरीकडं शब्द द्यायला नको."